परिचारिकेचे विज्ञान आणि तिचे चोवीस तास

परिचारिकेच्या शिक्षणाविषयी बोलावयाचे म्हटले की सेवा, त्याग, करुणा हे शब्द व्यासपीठावर आपोआप हजर होतात. त्यांची थोरवी मला मान्य आहे. परंतु माझा विषय त्याहून साधा आहे. मोलगीच्या डोंगरपट्ट्यातील मुलगी परिचारिका होण्यासाठी घर सोडून शहरात जाते, तेव्हा तिच्यावर विज्ञानाचा केवढा भार पडतो, आणि तो पेलावयास तिच्या दिवसात किती तास उरतात, एवढाच हिशेब येथे मांडावयाचा आहे. कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाला तास मोजण्याची सवय असते. ती येथे उपयोगी पडेल.

या शिक्षणाच्या मुख्य वाटा दोन. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र लागते. तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला विज्ञानशाखेस पसंती असली, तरी कला शाखेच्या मुलीलाही प्रवेश मिळतो. दार उघडे आहे ही चांगलीच गोष्ट. पण दाराच्या आत पाऊल टाकताच पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र समोर उभे राहते. जिने दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक उघडलेले नाही, तिला दोन वर्षांचा अनुशेष चालू अभ्यासाबरोबरच फेडावा लागतो.

बी.एस्सी.ची मुलगीही सुखात नसते. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या सत्रात शरीररचना व शरीरक्रिया, दुसऱ्यात जीवरसायन व आहारशास्त्र, तिसऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र व विकृतिशास्त्र, अशी रांग लागलेली असते. आठवड्याचे तास धरले आहेत चाळीस. त्यांत वर्गातील एका श्रेयांकास आठवड्याचा एक तास पुरतो, प्रयोगशाळेतील श्रेयांकास दोन आणि वॉर्डातील श्रेयांकास चार तास द्यावे लागतात. गिरणीचा भोंगा झाला की कामगार सुटतो. हिची दुसरी पाळी मात्र भोंग्यानंतर सुरू होते. रोज अडीच तासांप्रमाणे सहा दिवस वाचन धरले, तर एकूण पंचावन्न तास होतात. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टने प्रौढ कामगाराला आठवड्याची मर्यादा घालून दिली ती अठ्ठेचाळीस तासांची!

त्यात भाषेचा प्रश्न. घरी भिलोरी किंवा पावरी, शाळेत मराठी आणि येथे पुस्तक इंग्रजी. म्हणजे एकच गोष्ट समजण्यासाठी मनाला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. अशी मुलगी मागे पडली की "हिला झेपत नाही" असा शेरा मारून आपण मोकळे होतो. वास्तविक तो बुद्धीचा दोष नव्हे. वेळेच्या वाटणीचा आहे.

मग तोल साधावयाचा कसा? पहिली गोष्ट, विज्ञान पाठांतराच्या कपाटात न ठेवता रुग्णाच्या खाटेशी नेऊन बांधावे. आपल्या सातपुड्यातील सिकलसेलचेच उदाहरण घ्या. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते; हे झाले जीवरसायन. त्यामुळे तांबडी पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखी वाकते; ही विकृती. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि हाडे ठणकू लागतात, ही शरीरक्रिया. म्हणून रुग्णाला पुरेसे पाणी द्यावे, त्याला थंडीपासून जपावे, त्याच्या वेदनेला ढोंग म्हणू नये. ही झाली शुश्रूषा. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस मुलाला हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो, हे गणित तिला पाड्यावर जाऊन सांगावयाचे आहे. एका रोगात चार विषय एकत्र आले म्हणजे चार पुस्तकांचे ओझे निम्मे होते.

दुसरी गोष्ट, त्रैराशिक. पाचशे मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यावयाचे आहे आणि नळीतून एका मिलिलिटरचे पंधरा थेंब पडतात. पाचशे गुणिले पंधरा म्हणजे साडेसात हजार थेंब. त्यांना चारशे ऐंशी मिनिटांनी भागले की मिनिटाला सुमारे सोळा थेंब येतात. सातवीचेच हे गणित. पण येथे चूक झाली तर गुण जात नाहीत, माणूस जातो. म्हणून रोज दहा मिनिटे ते करावेच.

तिसरी गोष्ट, थकबाकी साचू देऊ नये. पाचव्या सत्राच्या परीक्षेपूर्वी मागील सर्व विषय सुटलेले असावे लागतात. आठवड्याचे वाचन आठवड्यात, मैत्रिणींबरोबर, मोठ्याने आणि आपल्या बोलीत समजावून घेऊन करावे. नंतर इंग्रजी शब्द पाठ करावा. आणि झोप चोरू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने गिरणी कामगारांना 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली, ती चैनीसाठी नव्हे. थकलेला हात यंत्रावर चुकतो, तसाच तो सुईवरही चुकतो. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी औषधशास्त्राचा तास ठेवू नये, हे पाहणे मुलीचे नव्हे, संस्थेचे काम आहे.

आपलेही काम आहे. बारावीची परीक्षा संपते आणि प्रवेश होतात, त्यामध्ये काही महिने जातात. ते दिवस मोलगीकडे मोहफुले वेचण्याचे आणि आमचुरासाठी कैऱ्या चिरण्याचे असतात. घरी तिचे हात हवे असतात. म्हणून वर्ग घ्यावयाचा तो दिवस कलल्यावर, तिच्या गावाजवळ. निवृत्त विज्ञानशिक्षक, औषधविक्रेते, सुट्टीवर आलेल्या परिचारिका यांनी दोन महिने रोज दीड तास दिला, तर पेशी, रक्त, जंतू आणि त्रैराशिक एवढे निश्चित होईल.

याला कोणी उपकार समजू नये. पावरी बोलणारी आणि रक्ताचे विज्ञान जाणणारी परिचारिका मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता हजर असेल, तर तापाने बडबडणाऱ्या माणसाचे म्हणणे समजून घ्यावयास तिला दुभाषा शोधावा लागणार नाही. तो शोधण्यात जाणारा वेळ कधी कधी फार महाग पडतो.