गुरुजींना मत का नाही?

महाराष्ट्रात शिक्षकांना विधिमंडळात जाण्यासाठी वेगळी वाट आहे, पण ती सगळ्या शिक्षकांची नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार, माध्यमिक किंवा त्यावरच्या दर्जाच्या संस्थेत किमान तीन वर्षे शिकवलेल्यांनाच तिथे मत देता येते. पहिली-दुसरीची पोरे शिकवण्यात हयात घालवलेल्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींना मत नाही. उमेदवार शिक्षकच हवा, अशी अट मात्र नाही. पत्रकारितेतून आलेले कपिल पाटील मुंबईतून २००६ पासून सलग तीनदा निवडून आले.

या वाटेने कोण पुढे जातो, हे निवडणुकीच्या रीतीवरून कळते. मतदारयादी दर वेळी नव्याने होते. मुख्याध्यापकांचा सेवेचा दाखला जोडून नमुना १९ भरावा लागतो. मतदानाला यंत्र नसते. आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे लिहायचे. अर्ज भरून घेणे, दुसऱ्या पसंतीची मते जमवणे ही कामे गावोगावच्या शिक्षक खोलीत माणसे असल्याशिवाय होत नाहीत. म्हणून वर्गातल्या लौकिकापेक्षा संघटनेतली वर्षे उपयोगी पडतात. असे आमदार फक्त पगार-पेन्शनचेच बोलतात, हा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे बिनपगारी राबणाऱ्याचा पगार हा शिक्षणाचाच प्रश्न आहे. खरी उणीव मतदारयादीत आहे. ज्यांची मते मागायची नाहीत, त्यांचे प्रश्न मागे पडतात: कमी पटाची वस्तीशाळा, एका शिक्षकावर दोन-तीन वर्ग, वाचन न येणारी मुले.

पूर्वी प्राथमिक शिक्षक व्हर्नाक्युलर फायनलवर, म्हणजे सातवीच्या परीक्षेवर नेमले जात, तेव्हा ही मर्यादा समजण्यासारखी होती. आज डीएड, टीईटी झालेल्यांना ती कशी लावायची? घटनादुरुस्ती अवघड, असेही सांगितले जाते. पण परिषदेची रचना संसद साध्या कायद्याने बदलू शकते, असे त्याच अनुच्छेदाचे दुसरे कलम सांगते. प्राथमिक शिक्षकांची संख्या मोठी, ते इतरांना झाकोळतील, ही भीती खरी असली तरी संख्येपायी मत नाकारणे लोकशाहीत बसत नाही. हवे तर जागा वाढवाव्यात. उरतो सरकारी नोकराने राजकारणापासून दूर राहण्याचा मुद्दा. नोकरीत राहून आमदार होता येऊ नये, हे रास्तच. मतदानाला तो लागू नाही, कारण सरकारी माध्यमिक शिक्षक आजही मत देतातच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना जी मोजकी अशैक्षणिक कामे देता येतात, त्यांत निवडणुकीचे काम आहे. राज्याच्या निवडणुका राबवणाऱ्या गुरुजींना शिक्षकांच्याच निवडणुकीत मत नाही, याचे पटेल असे कारण अजून कोणी दिलेले नाही.