‘लॉस्ट’मधील वाचलेले प्रवासी : एका प्रेक्षक-उपपत्तीची चिकित्सा

रहस्यप्रधान मालिका तुकड्यातुकड्यांनी उलगडत असल्यामुळे तिच्यातील रिकाम्या जागा प्रेक्षक स्वतःच्या तर्काने भरून काढतात. एबीसी या अमेरिकन वाहिनीने २००४ ते २०१० या काळात दाखविलेली ‘लॉस्ट’ ही मालिका या प्रवृत्तीचे ठळक उदाहरण होय. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान एका अज्ञात बेटावर कोसळते आणि काही प्रवासी वाचतात, हा तिचा आरंभ.

हे प्रवासी वस्तुतः मृत असून बेट म्हणजे कॅथलिक श्रद्धेतील मरणोत्तर शुद्धिस्थान होय, अशी उपपत्ती लवकरच रूढ झाली. तिला आधार नव्हता असे नाही. चाकाच्या खुर्चीला खिळलेला लॉक बेटावर चालू लागतो. जॅकला मृत पिता दिसतो. बहुतेकांच्या पूर्वायुष्यात अपराधाचे ओझे आहे. विमान सापडले व कोणीही वाचले नाही, ही तिसऱ्या पर्वाअखेरीस कळणारी वार्ता तर निर्णायकच वाटली. परंतु समुद्रतळाचे ते अवशेष बनावट असल्याचे चौथ्या पर्वात उघड झाले. निर्मात्यांनीही ही उपपत्ती आधीच नाकारली होती.

तरीही ती टिकली, याची कारणे शेवटच्या भागात आहेत. सहाव्या पर्वात समांतर भासणारे जग मरणोत्तर असल्याचे तेथे कळते. मात्र बेटावर घडले ते सत्यच होते आणि जो तो आपापल्या काळी, कोणी आधी तर कोणी पुष्कळ नंतर, मरण पावला, हेही जॅकचा पिता स्पष्ट करतो. मरणोत्तर जगाचा तर्क बरोबर होता. त्याचे स्थान मात्र चुकले. त्यातच श्रेयनामावलीबरोबर निर्मनुष्य किनाऱ्यावरील विमानाच्या अवशेषांची दृश्ये दाखविली गेली. ती वाहिनीने जोडलेली होती, कथेचा भाग नव्हती; पण अनेकांनी त्यांनाच अंतिम पुरावा मानले.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. सारे आरंभीच मृत असतील, तर काहींना घेऊन विमान निघून जात असता खाली प्राण सोडणाऱ्या जॅकच्या आत्मत्यागाला अर्थच उरत नाही. संहिता कोठे संपते व तिची चौकट कोठे सुरू होते, हे ठरविल्यावाचून अर्थनिर्णय करणे किती धोक्याचे असते, हेच यावरून दिसून येते.