नदीचे भविष्य नव्हे, नदीचा हिशेब

हवामानबदलाच्या काळात नद्यांचे पूर आणि अवर्षणे कोणते वळण घेतील, याचा अदमास बांधणाऱ्या संगणकीय प्रारूपांकडे आपल्याकडील सुशिक्षित माणूसही एकतर ज्योतिषावरील श्रद्धेने पाहतो किंवा ज्योतिषावरील अविश्वासाने; वस्तुतः ही प्रारूपे म्हणजे पाण्याचा जमाखर्च होय, आणि जमाखर्च वाचण्याची रीत निराळी असते.

गैरसमज : परवाचा पाऊस ज्यांना सांगता येत नाही, ते पन्नास वर्षांनंतरचा काय सांगणार?

वस्तुस्थिती : अमुक दिवशी पाऊस पडेल की नाही, हा वेधशाळेच्या अंदाजाचा विषय, हवामानाचे प्रारूप सांगते ती तीसेक वर्षांची सरासरी आणि तिच्यातील चढउतार, आणि तेही कर्बवायूंचे उत्सर्जन एका ठराविक मर्यादेत राहील या अटीवर.

गैरसमज : उष्णता वाढल्यास पूर तरी वाढतील, नाहीतर दुष्काळ तरी, दोन्ही कसे?

वस्तुस्थिती : हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्पधारणक्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पावसाच्या दिवशी जी हवा अधिक पाणी ओतते, तीच उघडिपीत जमिनीची ओल अधिक शोषून नेते. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेच्या महापुराने सांगली शहराला वेढा घातला असता त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस, जत-आटपाडीकडे, पाण्याचे टँकर चालू होते. एका वर्षाचा हा दाखला हवामानबदलाचा पुरावा ठरत नाही. परंतु दोन्ही संकटे एकाच खोऱ्यात नांदू शकतात, एवढे त्यावरून पटावे.

गैरसमज : शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत निश्चिंती.

वस्तुस्थिती : या संज्ञेचा अर्थ दरवर्षी 1 टक्का संभव एवढाच, आणि तीस वर्षांच्या मुदतीत तो 26 टक्क्यांवर जातो. शिवाय हे गणित जुन्या दफ्तरातील पातळ्यांवर बेतलेले असते. मागचे हवामान पुढेही तसेच राहील, हे त्यातील गृहीतच आता ढासळले आहे. मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात सुमारे तिप्पट झाल्याचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले.

गैरसमज : प्रारूपांचे आकडे आपसांत जुळत नाहीत, म्हणून ती निरुपयोगी.

वस्तुस्थिती : जागतिक प्रारूपाचा एक चौकोन साधारणतः शंभर किलोमीटरांचा असतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस, तेथून उगम पावलेली कृष्णा पंचवीसेक किलोमीटरांवरील वाईस पोहोचते तेथे, हजाराच्याही आत येतो. सह्याद्रीचा हा सारा उतार त्या एका चौकोनात लुप्त होतो. म्हणून त्या आकड्यांची स्थानिक नोंदींशी रुजवात घालून ते खोऱ्याच्या प्रारूपात उतरवावे लागतात, जेथे पाऊस ही जमा, बाष्पीभवन आणि नदीवाटे वाहून जाणारे पाणी हा खर्च, आणि माती, भूजल व धरणे यांतील साठा ही शिल्लक. मग मुद्दाम बाजूस ठेवलेल्या वर्षांच्या प्रवाहावर त्याची पारख होते. इतके करूनही प्रारूपांत जे अंतर उरते, ते अनिश्चिततेचे माप होय. पूल किंवा धरण बांधणाऱ्याने एकच आकडा न मागता त्या संपूर्ण अंतराची तजवीज करावी.

या हिशेबाचे मूळ कागद म्हणजे पुलाखालची पातळीपट्टी आणि तालुक्याचे पर्जन्यमापक. तेथे एका दिवसाची नोंद राहून गेली, तर संगणक ती जागा अंदाजाने भरील. ती नोंद मात्र परत मिळत नाही.