पित्तनलिकेचा कर्करोग

पित्तनलिकेचा कर्करोग किंवा कोलँजिओकार्सिनोमा हा पित्त वाहून नेणाऱ्या नलिकांच्या आतील अस्तरात उद्भवणारा कर्करोग होय. यकृतात तयार झालेले पित्त या नलिकांतून लहान आतड्यात पोहोचते. सुरुवातीला ठळक लक्षणे नसल्याने हा रोग बहुधा उशिरा लक्षात येतो. नलिका बंद झाल्यास कावीळ होते.

प्रकार

स्थानानुसार या कर्करोगाचे यकृतांतर्गत, यकृतद्वारालगतचा आणि दूरस्थ असे तीन प्रकार मानले जातात. यकृतद्वारालगतचा प्रकार सर्वाधिक आढळतो. जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केल्यामुळे त्यास 'क्लॅट्स्किन गाठ' असेही म्हणतात.

कारणे

दीर्घकालीन दाह हे या रोगामागील प्रमुख कारण आहे. नलिकांना काठिण्य आणणारा प्राथमिक स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, यकृतातील पित्तखडे आणि जन्मजात पित्तनलिका-पुटी यांमुळे धोका वाढतो. ईशान्य थायलंडमध्ये या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. तेथे गोड्या पाण्यातील कच्चे मासे खाण्याची प्रथा असून, त्यांतून ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी हा पर्णकृमी शरीरात शिरतो व पित्तनलिकांत वर्षानुवर्षे राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या कृमीचा समावेश मानवातील निश्चित कर्ककारकांत केला.

दाहग्रस्त ऊतकात इंटरल्यूकिन-६ हे संकेतक प्रथिन आणि नायट्रिक ऑक्साइड यांची निर्मिती वाढते. पहिल्यामुळे पेशींच्या वाढीस व टिकून राहण्यास चालना मिळते, तर दुसऱ्यामुळे डीएनएची हानी होते. हानी झालेल्या पेशी नष्ट न होता विभाजित होत राहिल्याने उत्परिवर्तने साचत जातात.

विकृतिविज्ञान

बहुतेक गाठी ग्रंथिकर्क (ॲडिनोकार्सिनोमा) स्वरूपाच्या असतात. कर्कपेशींभोवती दाट तंतुमय ऊतक तयार होते. त्यामुळे गाठ कठीण बनते आणि तपासणीसाठी काढलेल्या नमुन्यात कर्कपेशी अपुऱ्या मिळू शकतात. मज्जातंतूंच्या कडेने पसरणे हेही या कर्करोगाचे वैशिष्ट्य आहे. मोठ्या नलिकांत कर्करोगापूर्वी अस्तरातील पेशींची रचना टप्प्याटप्प्याने बिघडत गेलेली दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ स्वादुपिंडाच्या कर्करोगासारखी दिसत असल्याने निदानासाठी प्रतिमाचित्रण व रोग्याचा पूर्वेतिहासही विचारात घ्यावा लागतो.

रेणवीय जीवशास्त्र

मोठ्या नलिकांतील गाठींत केआरएएस, टीपी५३ आणि एसएमएडी४ या जनुकांतील उत्परिवर्तने वारंवार आढळतात. यकृतातील लहान नलिकांच्या गाठींत मात्र आयडीएच१ व आयडीएच२ यांतील उत्परिवर्तने आणि एफजीएफआर२ जनुकाचे अन्य जनुकांशी झालेले संयोग अधिक दिसतात.

उत्परिवर्तित आयडीएच विकर २-हायड्रॉक्सिग्लुटारेट हा पदार्थ तयार करते. हा पदार्थ डीएनए व हिस्टोन यांवरील मिथिल गट काढणाऱ्या विकरांना अडवतो. परिणामी पेशी परिपक्व होऊ शकत नाहीत. एफजीएफआर२च्या संयोगामुळे वाढीचा संकेत बाह्य प्रेरणेशिवायही सतत चालू राहतो.

उपचारांतील महत्त्व

शस्त्रक्रियेने गाठ पूर्णपणे काढणे हा रोगमुक्तीचा मुख्य मार्ग असला, तरी अनेक रोग्यांत निदानाच्या वेळी ते शक्य नसते. अमेरिकेत एफजीएफआर२ संयोग असलेल्या प्रगत रोगासाठी पेमिगॅटिनिब या औषधास २०२० मध्ये, तर आयडीएच१ उत्परिवर्तनासाठी आयव्होसिडेनिबला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही औषधे पूर्वी उपचार घेतलेल्या रोग्यांसाठी आहेत. कालांतराने गाठीत नवी उत्परिवर्तने होऊन औषधांना प्रतिरोध निर्माण होऊ शकतो.