टाकून दिलेले परत घेणारे इंद्रिय

मनुष्याच्या शरीरात रक्त सुमारे पाच लिटर असते आणि त्यातला पेशीविरहित पातळ भाग, ज्याला रक्तद्रव म्हणतात, तो जेमतेम तीन लिटर भरतो. असे असताना पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस वसलेली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी 180 लिटर द्रव रक्तातून गाळून बाहेर काढतात, हे प्रथम वाचणाऱ्यास मुद्रणदोष वाटण्याचा संभव आहे. परंतु आकडा खरा आहे. तेच तीन लिटर दिवसातून साठ वेळा रक्ताबाहेर टाकले जातात, आणि टाकलेल्यापैकी शेकडा नव्याण्णव भाग पुन्हा रक्तात घेतला जाऊन अखेरीस मूत्ररूपाने जो बाहेर पडतो तो दीड लिटरच्या आसपास असतो. जे परत घ्यायचेच होते ते मुळात टाकले कशाला, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात उभा राहील, आणि त्याच्या उत्तरात सजीव सृष्टीच्या एका अत्यंत खोल शहाणपणाचा प्रत्यय येतो, अशी माझी धारणा आहे.

त्या उत्तराकडे जाण्यापूर्वी शरीरात द्रव वाहता ठेवण्याची गरजच का पडते ते पाहिले पाहिजे. डबक्यातल्या अमीबाला हृदय नाही, रक्त नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नाही. प्राणवायू भोवतालच्या पाण्यातून आपसूक आत झिरपतो, उत्सर्गद्रव्ये तशीच बाहेर झिरपतात, आणि आत शिरलेले जादा पाणी तेवढे एक आकुंचन पावणारी पोकळी मधूनमधून बाहेर फेकते. अशा झिरपण्याचा नियम मात्र कठोर आहे. अंतर दहापट झाले की लागणारा वेळ शंभरपट होतो, त्यामुळे साखरेचा जो कण निश्चल पाण्यात पेशीच्या रुंदीएवढे अंतर सेकंदाच्या अल्पशा भागात तोडतो, त्यालाच एक मीटर जायला कित्येक वर्षे लागतील. म्हणून देह अनेक पेशींचा, जाड व मोठा होताच त्याला द्रवाचा प्रवाह निर्माण करावा लागतो, आणि तो प्रवाह अन्न पोहोचवतो तसाच मळही उचलतो. या दोन कामांसाठी निसर्गाने दोन स्वतंत्र खाती काढलेली नाहीत. ज्या रक्ताने यकृताला व स्नायूंना पोसले तेच रक्त त्यांचा कचरा घेऊन निघते.

वनस्पतींनी या बाबतीत वेगळा मार्ग पत्करला. कोकणच्या किनाऱ्यावरचा वीस-बावीस मीटर उंचीचा माड मुळांतून घेतलेले पाणी शेंड्यापर्यंत चढवतो. वातावरणाचा दाब पाण्याला सुमारे दहा मीटरांपलीकडे चढवू शकत नाही आणि वृक्षाच्या अंगी पंपासारखे एखादे इंद्रिय नाही, तेव्हा हे घडते कसे, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने सूर्यफुलाच्या झाडाची वजने करून पानांवाटे किती पाणी हवेत जाते त्याची मोजदाद केली आणि 1727 साली ती प्रसिद्ध केली; पण कोड्याचा उलगडा डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी 1894 साली मांडलेल्या सिद्धांताने झाला. पर्णरंध्रांतून बाष्प निघून जाताना पानातल्या पाण्याला ताण बसतो, पाण्याचे कण एकमेकांना विलक्षण घट्ट धरून राहतात, आणि त्यामुळे जलवाहिनीतला अखंड स्तंभ पानापासून मुळापर्यंत ओढला जातो. म्हणजे या सर्व चढणीची शक्ती सूर्य पुरवतो, वृक्षाला स्वतःची शक्ती जवळजवळ वेचावी लागत नाही.

उत्सर्जनासाठी वनस्पतींजवळ खास इंद्रिय नाही, आणि त्यांना त्याची निकडही प्राण्यांइतकी नाही, कारण त्या नत्रयुक्त द्रव्ये वाया न घालवता पुनःपुन्हा वापरतात. तरीही नको असलेले द्रव्य कोठेतरी ठेवावे लागतेच. खाडीकाठची तिवर पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते, आणि कोरड्या दिवसांत तिच्या पानांवर मिठाचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. अळू घशाला खाजते ते त्याच्या पेशींत साठवलेल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे; या स्फटिकांना एकेकाळी निव्वळ टाकाऊ माल समजत, पण चरणाऱ्या प्राण्यांपासून ते झाडाचे रक्षण करतात हेही आता मान्य झाले आहे. चिंच किंवा ताक घातल्याशिवाय अळूचे फदफदे न करणाऱ्या गृहिणीला कदाचित ठाऊक नसेल की माणसाच्या मूत्रपिंडात होणारे खडे बहुधा याच द्रव्याचे असतात.

प्राण्यांच्या रक्ताविषयी मनुष्याची समजूत हजार-दीड हजार वर्षे चुकीची होती. यकृतात रक्त सतत नव्याने तयार होते आणि अवयव ते सतत खर्च करतात, हे ग्रीक वैद्य गेलेनचे मत युरोपात जवळजवळ धर्माज्ञेप्रमाणे पाळले जाई. तेराव्या शतकात कैरो येथे इब्न अल् नफीस या हकिमाने हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्या कप्प्यात रक्त फुफ्फुसांवाटेच जाते असे स्पष्ट लिहून ठेवले होते, परंतु त्याचा लेख युरोपातल्या वैद्यांच्या चर्चेत आला नाही. इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने 1628 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्याने दिलेला सर्वांत बळकट पुरावा साध्या गुणाकाराचा होता: एका ठोक्याला हृदय बाहेर टाकते ते रक्त कितीही कमी धरले तरी अर्ध्या तासात त्याची बेरीज संपूर्ण शरीरातल्या रक्ताहून अधिक होते, आणि एवढे रक्त अन्नापासून तयार होणे अशक्य असल्यामुळे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. रोहिणीतले रक्त नीलांत नेमके कोठून उतरते ते मात्र त्याला दिसले नाही. ते 1661 मध्ये, हार्वेच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, बोलोन्याच्या मार्चेल्लो मॅल्पिघीने बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिले. केशवाहिन्यांचा शोध लावणाऱ्या याच पुरुषाने 1666 मध्ये मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गोळ्यांचे वर्णन केले, आणि 1669 मध्ये रेशमाच्या किड्याचे विच्छेदन करून कीटकांच्या उत्सर्जन-नलिकाही दाखवून दिल्या. आजही त्या नलिका त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. वहन आणि उत्सर्जन या दोन्ही प्रांतांत एकाच संशोधकाने पाऊल टाकावे हा मला योगायोग वाटत नाही, कारण जिथे रक्तवाहिनी अत्यंत बारीक होते तिथेच देवघेव घडते आणि तिथेच मळ वेगळा करता येतो.

मळ म्हणजे येथे प्रामुख्याने नत्राचा मळ समजावा. साखर आणि स्निग्ध पदार्थ जळाले की पाणी व कर्बवायू उरतात, आणि कर्बवायू फुफ्फुसांवाटे निघून जातो. प्रथिनांच्या विघटनातून मात्र अमोनिया निर्माण होतो, आणि तो अल्प प्रमाणातही विषारी असतो. माशांना त्याची क्षिती नसते, कारण कल्ल्यांवाटे तो भोवतालच्या अफाट पाण्यात विरून जातो. जमिनीवर आलेल्या प्राण्यांना पाणी इतके उधळणे परवडत नाही. म्हणून बेडूकमासा अमोनिया टाकतो आणि त्याचाच बेडूक झाला की युरिया टाकू लागतो. मनुष्याचे यकृतही अमोनियाचा युरिया बनवते, आणि ती क्रिया कोणत्या टप्प्यांनी घडते ते हान्स क्रेब्ज व कुर्ट हेन्झेलाइट यांनी 1932 साली जर्मनीत उलगडले. पक्षी, सरडे, पाली यांनी याहून अधिक काटकसर साधली आहे. त्यांचे युरिक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते घट्ट स्वरूपात टाकता येते. भिंतीवरल्या पालीच्या लेंडीला जे पांढरे टोक असते, ते हेच आम्ल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख वृक्काणू असतात, आणि प्रत्येकाच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुच्छ पेल्याच्या आकाराच्या आवरणात बसवलेला असतो. लंडनच्या विल्यम बोमनने 1842 साली या रचनेचे अचूक वर्णन केले, पण गुच्छातून फक्त पाणी पाझरते आणि मळ पुढच्या नलिकेच्या भिंती निवडून आत टाकतात, असे त्याचे मत होते. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लुडविग याने उलट प्रतिपादन केले: रक्ताच्या दाबाने गुच्छातून प्रथिने सोडून जवळजवळ सर्वच द्रव्ये सरसकट बाहेर ढकलली जातात, आणि नलिका त्यांतली हवी ती परत घेते. हा वाद ऐंशी वर्षे चालला. अखेर फिलाडेल्फियात वेर्न व रिचर्ड्झ यांनी, केसाहून बारीक काचेची नळी बेडकाच्या एकाच गुच्छाच्या आवरणात खुपसून आतला थेंब काढण्याचे, कल्पनेलाही अवघड वाटावे असे काम सिद्धीस नेले आणि 1924 मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या थेंबात साखर होती, मीठही होते. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या मूत्रात मात्र त्यांचा मागमूस नव्हता. वाटेत कोणीतरी ती परत घेतली होती. लुडविगचे म्हणणे मुख्यतः खरे ठरले. काही द्रव्ये नलिका स्वतःहूनही बाहेर टाकते हे पुढे सिद्ध झाले, त्यामुळे बोमनही सर्वस्वी चुकला नव्हता.

या व्यवस्थेचे मर्म मला जकात नाक्याच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट झाले. एखाद्या नाक्यावर निषिद्ध मालाची यादी टांगून त्याबरहुकूम माल अडवला, तर यादीत ज्याचे नाव नाही असा नवा घातक माल बिनदिक्कत आत राहील. पण सर्व माल सरसकट हद्दीबाहेर काढून, ज्याची ओळख पक्की आहे तेवढाच परत दाखल करून घेतला, तर अनोळखी माल आपोआप बाहेर राहतो. मूत्रपिंड या दुसऱ्या रीतीने चालते. पिढ्यान् पिढ्या ज्याचा शरीराला परिचय नव्हता असे एखादे वनस्पतिविष किंवा कारखान्यात काल तयार झालेले औषध रक्तात शिरले, तरी त्याच्यासाठी नवा हुकूम सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. ते पाण्यात विरघळणारे व पुरेसे लहान असले म्हणजे गुच्छातून गळून जाते आणि परत घेणाऱ्या पेशी त्याला ओळखत नाहीत. याउलट ओळखीच्या द्रव्यांचा बंदोबस्त काटेकोर आहे. रोज सुमारे दीड किलो मीठ गाळले जाते आणि त्यातले दहा ग्रॅमच्या आसपास बाहेर पडते. साखर 180 ग्रॅमच्या सुमारास गाळली जाते आणि निरोगी माणसात जवळजवळ सारी परत येते. घाम फार आला की अधिक पाणी परत घेतले जाते, मीठ जास्त खाल्ले की कमी मीठ परत घेतले जाते.

ही पद्धत खर्चिक आहे, हे मान्य केले पाहिजे. शरीराच्या वजनाचा शेकडा अर्धा भाग असलेल्या या दोन अवयवांकडे हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो, आणि मीठ परत ओढण्यात त्यांचा बराच प्राणवायू खर्ची पडतो. असा खर्चिक मार्ग मुळात पत्करला गेला कसा, याविषयी न्यूयॉर्कच्या होमर स्मिथ यांनी 1953 साली असे मत मांडले की आपले पूर्वज असलेले मासे गोड्या पाण्यात राहत असताना अंगात सतत शिरणारे पाणी उपसण्यासाठी हा गुच्छ उत्पन्न झाला असावा, आणि जमिनीवर आल्यावर तेच पाणी परत मिळवण्याची जबाबदारी नलिकेवर पडली. सारेच शास्त्रज्ञ हे मत मान्य करीत नाहीत, तथापि खाऱ्या समुद्रातल्या काही माशांनी हे गुच्छ पार टाकून दिलेले आहेत, ही वस्तुस्थिती त्याला थोडीफार पुष्टी देते.

गुच्छाची भिंत बिघडली म्हणजे प्रथिने मूत्रात उतरू लागतात. लंडनच्या रिचर्ड ब्राइटने 1827 साली मूत्रपिंडाच्या विकाराचे जे प्रसिद्ध वर्णन केले, त्याची परीक्षा अगदी साधी होती: चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायची आणि ती गोठून पांढरी होते का ते पाहायचे. आज मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब हे त्या भिंतीचे मोठे शत्रू आहेत. दुखत नाही, खुपत नाही, आणि पुष्कळसे वृक्काणू निकामी होईपर्यंत रोग्याला कसलीच चाहूल लागत नाही. आपल्याकडे कित्येक माणसे पायांवर सूज चढल्यावर प्रथम दवाखान्याची पायरी चढतात, आणि तोवर वेळ गेलेली असते, याचे मला मनापासून दुःख होते. ज्यांना मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब यांपैकी एक जरी विकार आहे त्यांनी लघवीतल्या प्रथिनांची तपासणी दरवर्षी करून घ्यावी. तिला खर्च थोडा लागतो.

मूत्रपिंडे सर्वस्वी थकल्यावर करायचे काय, याचे पहिले उत्तर जर्मन फौजांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन गावच्या रुग्णालयात, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने 1943 साली दिले. सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळून, ते पिंप मिठाच्या पाण्यात फिरवत त्याने रोग्याचे रक्त त्या नळीतून खेळवले. सुरुवातीचे रोगी एकामागून एक दगावले, तरी त्याने हाती घेतलेले काम सोडले नाही, आणि 1945 मध्ये बेशुद्धावस्थेतली एक वृद्धा या यंत्राने वाचली. डायालिसिसच्या आजच्या यंत्राची आवरणे कितीतरी सुधारलेली असली तरी त्याची रीत मूत्रपिंडाच्या रीतीहून निराळीच राहिली आहे. यंत्र परत घेऊ शकत नाही, म्हणून जे जाऊ द्यायचे नाही ते आवरणाबाहेरच्या पाण्यात आधीच रक्ताइतक्या प्रमाणात मिसळून ठेवावे लागते, आणि आठवड्यातून बहुधा तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास, रोग्याला यंत्राशी बांधून घ्यावे लागते.

दुसरे उत्तर बॉस्टन येथे 1954 साली मिळाले, जेव्हा जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाच्या शरीरात बसवले आणि ते काम करू लागले. एक मूत्रपिंड देणाऱ्याच्या शरीरात जे उरते ते लवकरच आकाराने वाढते आणि पूर्वी दोन्हींनी मिळून केलेल्या गाळण्यापैकी शेकडा सत्तरच्या आसपास काम एकटे उचलू लागते. म्हणूनच आपले मूत्रपिंड देणारी आई किंवा बहीण पुढे बहुतेक वेळा निरोगी आयुष्य जगते, मात्र तिचा रक्तदाब आणि लघवी दरवर्षी तपासली जाते की नाही याची काळजी मूत्रपिंड घेणाऱ्या माणसाने वाहिली पाहिजे.