सध्या काय वाचताय?

चांगलं पुस्तक वाचणं हा आनंद खराच, पण ते योग्य माणसाच्या हाती पोहोचवणं ही एक कला आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत तर ती गरजच म्हणायला हवी.

"भाजी काय केलीत?", "मुलांच्या परीक्षा कधी?", "बदलीचं काय झालं?" हे प्रश्न आपण शेजारणीला, नातेवाइकांना किती सहजपणे विचारतो! पण "सध्या काय वाचताय?" असं कुणी विचारतं का? विचारलंच, तर समोरची व्यक्ती थोडी बावरते. आपली परीक्षाच घेतली जातेय, असं तिला वाटतं.

पुण्या-नागपुरात हा प्रश्न कुणी विचारला नाही, तरी फारसं बिघडत नाही. चौकात पुस्तकांचं दुकान असतं, जवळपास वाचनालय असतं, वर्तमानपत्रात नव्या पुस्तकांची ओळख येते. छत्तीसगडमधल्या भिलाईसारख्या गावाची गोष्ट वेगळी. इथं बाजारात सहज नजरेस पडतात ती हिंदी आणि इंग्रजी पुस्तकं. मराठी पुस्तक मिळतं ते नागपूरला गेलेल्या कुणीतरी पिशवीतून आणलं, टपालानं मागवलं किंवा ओळखीच्या घरातून मिळालं तर! अशा ठिकाणी "मी सध्या हे वाचतेय" असं सांगणारी एक व्यक्ती म्हणजे चालतंबोलतं वाचनालयच असतं.

कारखान्यासोबत आलेली पुस्तकं

१९५६ पर्यंत दुर्ग आणि रायपूर हे जिल्हे ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगडचा भाग मध्य प्रदेशात. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झालं.

याच काळात भिलाईचं रूप पालटत होतं. पोलाद कारखान्यासाठी १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाबरोबर करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं इथं आली. सेक्टरांच्या वसाहतीत बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, ओडिया अशी कुटुंबं एकमेकांच्या शेजारी राहू लागली. त्यात मराठी कुटुंबंही होती. ट्रंकेत भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि तळाशी चार-दोन पुस्तकं, असा त्या काळच्या बदलीचा संसार असे.

परमुलखातल्या मराठी माणसांनी वाचनाची सोय लावली तीही शेजारधर्मातूनच. त्यातली सर्वांना ठाऊक असलेली रीत म्हणजे दिवाळी अंकांची देवघेव. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांत फराळाबरोबर अंकही आला. पाच घरांनी पाच वेगवेगळे अंक घ्यायचे आणि आठवड्याला बदलायचे, म्हणजे एका अंकाच्या पैशात पाच अंक वाचून होतात. अंक परत देताना "ती शेवटची कथा सोडू नका हं!" असं सांगितलं जातं. पुस्तक सुचवणं म्हणजे तरी याहून वेगळं काय असतं?

सप्रे यांनी घालून दिलेला धडा

पुस्तक सुचवण्याचं काम या भूमीत एका मराठी माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वीच मोठ्या निष्ठेनं केलं होतं. त्यांचं नाव माधवराव सप्रे.

सप्रे यांचा जन्म १८७१ चा. मातृभाषा मराठी, पण त्यांनी आपलं आयुष्य वाहिलं ते हिंदीला. १९०० च्या जानेवारीत त्यांनी बिलासपूरकडच्या पेंड्रा या लहानशा गावातून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केलं. रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे हे त्यांचे सोबती. तीन वर्षं चाललेल्या या मासिकाचं वैशिष्ट्य म्हणजे त्यातली पुस्तक परीक्षणं. नवं पुस्तक कसं आहे, त्यात काय चांगलं, काय उणं, हे वाचकाला नीट समजावून सांगण्याची पद्धत हिंदीत रुजवण्यात या मासिकाचा मोठा वाटा मानला जातो.

सप्रे एवढ्यावर थांबले नाहीत. आपल्याला मराठीत जे आवडलं ते हिंदी वाचकालाही मिळावं, असं त्यांना वाटत होतं. समर्थ रामदासांचा 'दासबोध', लोकमान्य टिळकांचं 'गीतारहस्य' आणि चिंतामणराव वैद्य यांचं महाभारतावरचं विवेचन त्यांनी हिंदीत आणलं. शेजाऱ्याची भाषा शिकून आपलं पुस्तक त्याच्या हाती ठेवायचं, यापेक्षा मनापासूनची शिफारस कोणती असेल?

मराठी-हिंदीचं असंच नातं जवळच्या राजनांदगावातही दिसतं. थोर हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. ते मराठी घरातले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नामवंत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. १९७९ साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच घरात एक भाऊ हिंदीत मोठा झाला, दुसरा मराठीत!

तेव्हा भिलाईत मराठी वाचकानं फक्त मराठी माणसालाच पुस्तक सुचवायचं, असं थोडंच आहे? राजनांदगावला जन्मलेले विनोद कुमार शुक्ल यांना 'दीवार में एक खिड़की रहती थी' या कादंबरीसाठी १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, नंतर ज्ञानपीठही मिळालं. ती कादंबरी हिंदी शेजारणीकडून मागून घ्या आणि तिला एखाद्या मराठी पुस्तकाचा हिंदी अनुवाद द्या. वाटीतून साखर जाते-येते, तशी पुस्तकंही जाऊ-येऊ द्यात.

हुंकार देणारा हवा

छत्तीसगडच्या पंडवानीत मुख्य गायक महाभारताची कथा सांगतो आणि शेजारी बसलेला 'रागी' मध्येमध्ये हुंकार देतो, प्रश्न विचारतो, आश्चर्य दाखवतो. त्याच्या हुंकारानं कथा पुढं सरकते.

ही कला जगभर नेणाऱ्या तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारी गावच्या. शाळेत जाण्याची संधी त्यांना मिळाली नाही. आजोबा सबलसिंह चौहान यांचं महाभारत गात, ते ऐकून ऐकून त्यांना कथा पाठ झाली. पुढं त्यांनी भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीही केली आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं आपल्या आवडीचा ग्रंथ नातीच्या कानावर घातला, त्याचं हे फळ!

आपल्या घरातही असा रागी हवा. आई पुस्तक वाचत असेल, तर "मग पुढं काय झालं?" असं विचारणारं कुणीतरी हवं. म्हणूनच पुस्तक संपेपर्यंत गप्प राहू नका. निम्मं वाचून झालं असतानाच जेवताना विषय काढा. "या माणसानं असं का केलं, ते मला अजून कळलेलंच नाही," असं म्हणा. पूर्ण झालेल्या पुस्तकावर आपण निकाल देतो. अर्ध्या पुस्तकावर मात्र गप्पा होतात, आणि त्या गप्पांतूनच दुसऱ्याला पुस्तक उघडावंसं वाटतं.

सुचवा, पण लादू नका

"अगं, तू हे वाचच!" असं कुणी बजावलं की ते पुस्तक गृहपाठ होऊन बसतं. मग दर आठवड्याला "वाचलंस का?" ही विचारणा सुरू होते आणि बिचारी मैत्रीण आपल्याला टाळू लागते.

आणखी एक चूक हमखास होते. आपण माणसाकडे न पाहता त्याच्या उणिवेकडे पाहून पुस्तक देतो. वजन वाढलेल्या नणंदेला आहाराचं पुस्तक, नव्या सुनेला गृहिणीच्या कर्तव्यांचं पुस्तक, कमी गुण मिळालेल्या भाच्याला यशाची गुरुकिल्ली! याला भेट कोण म्हणेल? हा तर बांधणी केलेला शेरा झाला. असं पुस्तक कपाटात जातं आणि मनात अढी तेवढी राहते.

पुस्तक सुचवण्याआधी दोन प्रश्न विचारा. यापूर्वी तिला काय आवडलं होतं? आणि सध्या तिला वेळ किती मिळतो? लहान बाळ असलेल्या मुलीला सातशे पानांची कादंबरी देऊन काय उपयोग? तिला पु. ल. देशपांडे यांचं 'व्यक्ती आणि वल्ली' द्या. एक माणूस एका बैठकीत भेटतो, पुढचा महिन्याभरानं भेटला तरी चालतं. कारखान्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या, गावाची ओढ असलेल्या काकांना व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्या. आटोपशीर आहे, आणि त्यातलं माणदेशी गाव मनातून जात नाही.

अक्षरं येतात, मग अडतं कुठं?

सर्वांत नाजूक प्रश्न मुलांचा आहे. भिलाईत वाढलेली मराठी मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी वाचतात. आजीशी गप्पा मारणारी नात आजीचं पुस्तक मात्र उघडत नाही. आणखी एक पिढी अशीच गेली, तर घरातलं मराठी फक्त बोलण्यापुरतं, मग सणावारापुरतं उरेल.

पण जरा विचार करा, या मुलांना लिपी तर येतेच! हिंदी आणि मराठीची देवनागरी एकच. 'ळ' एवढं एक अक्षर नव्यानं ओळखायचं. खरी गंमत होते ती शब्दांची. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत मात्र छडी! हिंदीतली 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीतली थट्टा. हिंदीतला 'संसार' म्हणजे सारं जग, आपला मात्र घरापुरता. मूल अशा शब्दाला अडखळलं की रागवू नका, दोघं मिळून हसा. तो शब्द ते पुन्हा विसरणार नाही.

सुरुवातीला तुम्हीच मोठ्यानं वाचा. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं पुरेत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' याला फार सोयीची. त्यात श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, म्हणजे पुस्तकानंच रोजचा वाटा काढून ठेवला आहे! थोड्या मोठ्या मुलांना भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' रहस्याच्या ऐन मोक्यावर आणून सोडा आणि "आता झोपा" म्हणा. बघा, दुसऱ्या दिवशी पुस्तक कुणाच्या हातात असतं ते!

आणि मुलांनाही विचारा, "तू सध्या काय वाचतोस?" त्यानं सांगितलेलं हिंदी-इंग्रजी पुस्तक आजोबांनी खरोखर वाचून पाहावं. आपली शिफारस मोठ्यांनी मानली, हे पाहिलं की तोही मोठ्यांची मानतो.

कपाटातली पुस्तकं बाहेर काढा

साठच्या दशकात आलेली पिढी केव्हाच निवृत्त झाली. काहीजण मुलांकडे दूरच्या शहरात गेले, काही काळाच्या पडद्याआड गेले. घरं आवरताना मराठी पुस्तकं रद्दीच्या भावानं जातात. त्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर नाव, गाव, तारीख असते. समासात पेन्सिलीच्या खुणा असतात. ती गेली की त्या घराच्या आवडीनिवडीही गेल्या.

यावर उपाय सोपा आहे, आणि त्याला नमुनाही आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. या पेट्या परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंतही पोहोचल्या आहेत. शंभर नाही, तरी सात-आठ घरांनी पाच-पाच पुस्तकं काढली, तर भिलाईच्या एका सेक्टरातही अशी पेटी सहज फिरू लागेल. हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीला घरं एकत्र येतातच. त्याच दिवशी पेटी पुढच्या घरी द्यावी.

हे करून पाहा

• पुस्तक देताना आत एक चिठ्ठी ठेवा: कुठला भाग आवडला आणि तुम्हालाच हे का द्यावंसं वाटलं, दोनच ओळींत.

• शेवट सांगू नका. सुरुवात सांगा आणि मध्येच थांबा.

• देवघेवीची वही ठेवा. पुस्तक, नाव, तारीख. संकोच नको, वहीमुळे पुस्तकही टिकतं आणि मैत्रीही.

• कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर रविवारी मुखपृष्ठाचा फोटो आणि स्वतःच्या चार ओळी टाका. अख्खं पुस्तक मात्र फोटो काढून पाठवू नका. लेखक-प्रकाशकांचा तो हक्क आहे.

• समोरच्याला पुस्तक आवडलं नाही, तर वाद घालू नका. "मग तुम्हाला काय आवडतं?" असं विचारा. पुढची शिफारस त्या उत्तरातच सापडेल.

सप्रे यांच्यासारखं मासिक काढणं प्रत्येकाला जमणार नाही. पण अंथरुणाजवळ पालथं घातलेलं पुस्तक उचलून "हे बघ, मी आता इथवर आलेय," एवढं तर प्रत्येकीला म्हणता येईल. आज संध्याकाळी शेजारीण डबा परत करायला आली, की भाजीबरोबर हेही विचारून पाहा: "सध्या काय वाचताय?"