तीन मुक्काम ठरवण्याचा शुक्रवार

सकाळी ६.४०

आज रजा टाकली आहे. पुढच्या शुक्रवारी योसेमिटीतल्या टुऑलमी मेडोजहून पाठीवर सॅका घेऊन निघायचं, तीन रात्री रानात काढायच्या आणि सोमवारी दुपारी फेरी पूर्ण करून तिथेच परतायचं. एकूण सुमारे २० मैल. वाटेत ना गाव, ना दुकान, ना फोनला रेंज. माणसं चार: मी, नवरा, पुण्याहून येणारा धाकटा भाऊ आणि त्याची चौदा वर्षांची मुलगी. फ्रीमॉन्टला राहायला आल्यापासून उन्हाळ्यातली ही पायपीट आखण्याचं काम माझ्याकडे आहे आणि मला ते चालण्याइतकंच आवडतं.

योसेमिटीच्या रानात रात्र काढायची तर परमिट हवं. त्यातली ६० टक्के परमिटं २४ आठवडे आधी सोडतीने दिली जातात. तेव्हा भावाच्या रजेचा पत्ता नव्हता. उरलेली ४० टक्के बरोबर सात दिवस आधी, सकाळी सातला खुली होतात. लॉगिन करून, चौघांची संख्या भरून बसले आहे.

सकाळी ७.००

इथलं परमिट मुक्कामाच्या जागेचं नसतं, वाट जिथून सुरू होते त्या ठिकाणाचं असतं. एका ट्रेलहेडवरून दिवसाला ठरावीकच माणसं आत सोडतात. पहिल्या रात्रीनंतर कुठे थांबायचं ते, नियम सांभाळून, आपलं आपण ठरवायचं.

आमच्या फेरीला दोन तोंडं आहेत. लायल कॅन्यनने आत शिरलं तर पहिला दिवस नदीकाठाने जवळजवळ सपाट जातो आणि उंची सावकाश अंगात मुरते. पण जॉन म्युइर ट्रेल ही २११ मैलांची प्रसिद्ध वाट याच खोऱ्यातून डॉनह्यू खिंडीकडे चढते, त्यामुळे तिथे झुंबड असते. दुसरं तोंड रॅफर्टी क्रीकचं. तिथून पहिल्याच दिवसापासून चढ.

दोन्ही चालतील, पण लायल आधी, असं काल रात्रीच ठरवून ठेवलं होतं. सातच्या ठोक्याला लायलवर बोट ठेवलं. पान उघडेपर्यंत तिथे शून्य. रॅफर्टीवर जागा होत्या. लगेच चार घेतल्या. अर्जाचे १० डॉलर आणि माणशी ५, असे ३० डॉलर भरले. तारीख पक्की झाली, फेरीची दिशा मात्र उलटली.

सकाळी ८.००

पुण्यात रात्रीचे साडेआठ. भावाने पहिल्या रिंगलाच फोन उचलला.

“ताई, मिळालं?”

“मिळालं. पण उलट्या बाजूने. पहिल्याच दिवशी चढ आहे.”

“चढाचं काय एवढं? हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय आपण.”

“पायांची काळजी नाही रे, हवेची आहे. कळसूबाई ५,४०० फूट. इथे गाडीच ८,६०० फुटांवर लावायची आणि झोपायचं १०,००० च्या वर.”

तो गप्प झाला, मग म्हणाला, “तू सांगशील तसं.” सांगितलं: गुरुवारी दुपारपर्यंत टुऑलमी गाठायचं, परमिट हातात घ्यायचं आणि रात्र तिथेच, परमिटवाल्यांसाठी ठेवलेल्या कॅम्पग्राउंडवर काढायची. समुद्रसपाटीवरून येणाऱ्या शरीराला तेवढी उसंत लागतेच. शेवटी भाचीने फोन ओढून घेतला.

“आत्या, अस्वल दिसेल?”

“दिसेलही. आपला डबा मात्र त्याला मिळता कामा नये.”

सकाळी ९.३०

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. सह्याद्रीत निम्मा आराखडा पायथ्याचं गाव करून देतं. कुठल्या टाक्यात पाणी आहे, कुठली वाट ढासळली, देवळात झोपता येईल का, हे ओसरीवर चहा घेता घेता कळतं आणि वाटाड्या सोबत निघतो. इथे त्या गावाचं सगळं काम आपल्यालाच आधी करावं लागतं. हे रान पहिल्यापासून निर्मनुष्य होतं असंही नाही. सिएरा मिवोक आणि मोनो सरोवराकडचे पायूट लोक उन्हाळ्यात टुऑलमीच्या कुरणांवर भेटत, देवाणघेवाण करत. योसेमिटी खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांवर १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन चालून गेली आणि त्यांना हुसकावण्यात आलं. राष्ट्रीय उद्यान झालं ते १८९० मध्ये. आज वाट विचारायला कुणी भेटत नाही, त्यामागे हाही इतिहास आहे.

नियम सांगतो की टुऑलमीपासून चार मैलांच्या आत तंबू लावायचा नाही. म्हणून पहिला मुक्काम ती हद्द ओलांडून, पण टुऑलमी पासच्या अलीकडे. पासवर उंची १०,००० फुटांच्या जवळ जाते. त्याखाली झोपलेलं बरं. दुसऱ्या दिवशी फक्त अडीच-तीन मैल, व्होगलसँगच्या तळ्यांपर्यंत. तिथे तंबू लावायचे आणि आभाळ निवळ असेल तर रिकाम्या पाठीने व्होगलसँग खिंडीत जाऊन यायचं. तिसरा दिवस मोठा: एव्हलिन लेकवरून उघड्या माळाने पूर्वेला, मग दीड हजार फुटांहून जास्त उतार आणि लायल कॅन्यनमध्ये नदीकाठी मुक्काम. चौथ्या दिवशी सहाएक मैल सपाटीने गाडीपर्यंत.

मग लाल पेन्सिल घेतली. व्होगलसँगला कुणाचं डोकं ठणकू लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर आल्या वाटेने रॅफर्टीतून खाली, सात मैल, सगळा उतार. एव्हलिन लेकपर्यंत मागे फिरलेलं बरं. त्यापुढच्या फाट्यावर, जिथून आयर्लंड लेकची वाट फुटते, तिथे नियम बदलतो: आता पुढे लायलमध्ये उतरणं लवकरचं. त्या फाट्याभोवती लाल गोल केला. माझ्या मते सगळ्या आराखड्यात हाच गोल मोलाचा. दमलेल्या, थंडीने काकडलेल्या माणसाला तिथे उभं राहून विचार करावा लागू नये, म्हणून तो निर्णय आज, भरल्या पोटी आणि शांत डोक्याने घ्यायचा.

सकाळी ११.३०

आता खाणं. योसेमिटीच्या रानात अन्न झाडाला टांगून ठेवायला बंदी आहे. अस्वलाला उघडता येणार नाही असा कडक डबा, बेअर कॅनिस्टर, सक्तीचा. इथलं अस्वल म्हणजे ब्लॅक बेअर. त्याला माणसाच्या अन्नाची चटक लागली की ते माणसांजवळ येऊ लागतं आणि त्याची किंमत बहुतेकदा त्यालाच मोजावी लागते. म्हणून डबा नीट भरणं हे मी अस्वलाप्रती कर्तव्य मानते.

आमच्याकडे साडेअकरा लिटरचे दोन डबे आहेत. एकात एका माणसाचं सातेक दिवसांचं अन्न मावतं. पहिल्या दिवसाचं खाणं रात्रीपर्यंत पोटात गेलेलं असतं, तेव्हा बसवायचं ते पुढच्या तीन दिवसांचं, चौघांचं: बारा माणशी-दिवस. दोन डब्यांत चौदा बसतात. उरलेल्या जागेत टूथपेस्ट, सनस्क्रीन, साबण, कचऱ्याची पिशवी. वास येणारी प्रत्येक वस्तू रात्री डब्यात.

चिवडा फुगीर, म्हणून बाद. खाकरे चुरा होतात, पण चुराही चालतो. कूट-गुळाच्या वड्या थापून चौकोनी कापल्या. त्या फटींत बसतात. रवा तुपावर खमंग भाजला, त्यात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, मीठ आणि साखर मिसळून माणशी पुड्या केल्या. वर उकळतं पाणी ओतून झाकलं की उपमा. व्होगलसँगच्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कच्चे डाळ-तांदूळ शिजता शिजत नाहीत आणि गॅस संपतो. म्हणून खिचडी इथेच मऊ शिजवून डिहायड्रेटरमध्ये वाळत घातली आहे. उद्या सकाळपर्यंत ती खडखडीत होईल. सोबत मेतकूट आणि छोट्या बाटलीत तूप. सातूचं पीठ आणि गूळ निराळं बांधलं: स्टोव्ह रुसला तरी गार पाण्यात कालवून जेवण होतं.

दुपारी २.००

पाणी. वाटेवर ओढे आणि तळी भरपूर, पण ऑगस्ट पुढे सरकतो तसे लहान ओढे आटतात. म्हणून भरवशाच्या जागाच नकाशावर निळ्या केल्या: फ्लेचर लेक, एव्हलिन लेक, लायल फोर्क. प्यायचं ते फिल्टर करूनच. तंबू पाण्यापासून आणि वाटेपासून १०० फूट लांब. शौचाचा खड्डा सहा इंच खोल, तोही पाण्यापासून १०० फुटांपलीकडे, आणि वापरलेला कागद पिशवीत घालून परत आणायचा.

हे नियम मी भाचीला नुसते वाचून दाखवणार नाही. लायल फोर्क आणि डेना फोर्क मिळून टुऑलमी नदी होते. ती पुढे हेच हेची धरणात अडते आणि तिथून पाणी सॅन फ्रान्सिस्कोला, शिवाय खाडीभोवतीच्या अनेक गावांना येतं. आमच्या फ्रीमॉन्टच्या पुरवठ्यातही त्याचा वाटा आहे. ज्या नदीकाठी आपण तिसऱ्या रात्री झोपणार, तिचं पाणी आत्याच्या नळाला येतं, हे तिला सांगायचं आहे. आणि हेही, की त्या खोऱ्याच्या डोक्यावरचा लायल हिमनद आता सरकत नाही, असं उद्यानाच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये जाहीर केलं. शेजारच्या मॅक्ल्यूर हिमनदात जॉन म्युइरने १८७२ मध्ये खुंट्या रोवून बर्फ सरकतो हे दाखवलं होतं. दीडशे वर्षांत एवढं बदललं.

दुपारी ४.००

हवामान. आठवडाभर आधीच्या अंदाजावर विसंबता येत नाही. बुधवारी रात्री पुन्हा बघायचं, वणव्यांच्या धुरासकट. सिएरातली उन्हाळी वादळं मात्र बहुधा दुपारी जमतात. म्हणून तिसऱ्या दिवशी पाचला उठायचं, साडेसहाला पाऊल उचलायचं आणि उघडा माळ बाराच्या आत मागे टाकायचा. खिंडीत जाण्याचा निर्णयही दुसऱ्या दिवशी दहालाच. ढग दिसले तर तळ्याकाठी बसायचं.

९,६०० फुटांच्या वर शेकोटीला बंदी आहे आणि ऑगस्टातही रात्री गोठणबिंदूजवळ जातात. चौघांचे उबदार जाकीट, टोपी, कोरडे मोजे यांत काटकसर नाही. काटकसर करायची ती जादा कपड्यांत. मुलीच्या सॅकेत तिची झोपायची पिशवी, कपडे, पाणी एवढंच. डबे मी आणि नवरा उचलू. आमचा वेगही तिच्याच पायांनी ठरेल.

रात्री ८.३०

सगळं एका पानावर उतरवलं आणि चार प्रती काढल्या. नवऱ्याने वाचून एकच प्रश्न विचारला: “तुलाच बरं वाटेनासं झालं तर?” म्हणून खाली ओळ वाढवली की असं झालं तर निर्णय भावाचा, आणि त्याच्याशी वाद घालायचा नाही.

पाचवी प्रत शेजारच्या काकूंना नेऊन दिली. त्यावर परमिटचा क्रमांक, गाडीचा नंबर, तंबूंचा रंग, तीन मुक्काम आणि दोन परतीच्या वाटा आहेत. सोबत सॅटेलाइट मेसेंजर असेल आणि रोज संध्याकाळी त्यांना निरोप जाईल. पण यंत्र बिघडू शकतं, म्हणून वेळेची मर्यादाही लिहिली. सोमवारी रात्री दहापर्यंत फोन आला नाही, तर कुणाला विचारत बसू नका, पानावरच्या उद्यानाच्या क्रमांकावर फोन करा आणि हे पान जसंच्या तसं वाचून दाखवा. काकूंनी ते माझ्यासमोर मोठ्याने वाचलं. व्होगलसँगचा उच्चार दोनदा विचारून घेतला आणि कागद फ्रिजला लावला.